भांडं माझं, जिन्नस तुमचे

डेमोकाकू कुणाच्याही घरी रिकाम्या हाताने गेल्या नाहीत; त्या रिकामी कढई घेऊन जात. करी रोडला आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा लिफ्ट सुरू होण्याआधी त्या येऊन पोचल्या. राहायला भोईवाड्यात, आणि धंदा कमी तेलात शिजवणारी, खाली न लागणारी कढई विकण्याचा. त्यासाठी कुणा एकीच्या घरी दहाबारा बायका जमवायच्या आणि त्यांच्यासमोर रांधून दाखवायचं, म्हणजे डेमो द्यायचा.

सामान कुणी आणायचं, हा प्रश्न त्यांनी कुणासाठी शिल्लकच ठेवला नव्हता. "भांडं माझं, हात माझे, जिन्नस तुमचे," असं पहिल्याच फोनवर सांगून टाकत. डेमोच्या सकाळी व्हॉट्सॲपवर यादी यायची. कोळंबी, मोठी. सुरमई, मधले तुकडे. काजू, अख्खे. तुकडा काजू त्यांच्या कढईला मानवत नसे. भेंडीवर भागेल का, असं एकीने विचारलं, तर म्हणाल्या, "स्वस्त भाजी केली की कढई महाग वाटते."

बी विंगच्या सावंतमामींनी वर्गणीची टूम काढली. काकूंनी ती जागच्या जागी मोडली. "वर्गणी काढली की बायका चव बघत नाहीत, वसूल करायला बसतात." मामी वर्गणी नसतानाही दोनदा वाढून घेणाऱ्यांतल्या, त्यामुळे गप्प बसल्या.

खरी मेख पुढेच होती. डेमो झाला की कढई त्या मुद्दाम तिथेच ठेवून जात. "वापरून बघा, उद्या नेईन." आमच्या कोकणी घरांत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. काकूंना हे पक्कं ठाऊक. त्यांचा उद्या बरोबर साडेबाराला उजाडायचा, घराघरात कालवण तयार असताना. या बाईच्या घरी गॅस पेटतो तरी का, अशी मला कायम शंका होती.

बाबांची नोकरी सुटली आणि नेमका डेमोसाठी आईचा नंबर लागला. नोकरीचं आम्ही टॉवरमध्ये कुणाला कळू दिलं नव्हतं. डेमोला नाही म्हणावं तर बिंग फुटणार, आणि हो म्हणावं तर कोळंबी आणायची कशी? आई दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी मीच चोरून काकूंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. आता ही बातमी कढईबरोबर घरोघर फिरणार, असं मी धरून चालले.

सकाळी यादी आली. पोहे, कांदे, कोथिंबीर.

बारा बायकांसमोर काकूंनी कांदेपोहे केले, आणि चांगल्या घरच्या बायका हल्ली संध्याकाळी जड खात नाहीत, यावर व्याख्यान दिलं. सावंतमामींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकही कढई खपली नाही. दुसऱ्या दिवशी आईने कढईत दोन मुठी तांदूळ घातले, ते त्यांनी निमूट नेले. पण पुढे कित्येक महिने आईला एकटीला गाठून ऐकवत राहिल्या, "वहिनी, तुमच्या पोह्यांनी माझा धंदा बुडवला हो." उपकार करून विसरणं त्यांना जमत नसे. चारचौघांत मात्र कधी एक अक्षर काढलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काकूंनी मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं. निरोप घ्यायला आल्या त्याही कढई घेऊनच. ती ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "वापरून बघा, उद्या नेईन."

बाबा केव्हाच नव्या कामाला लागले होते. आईने सकाळीच बाजार गाठला, कोळंबीभात केला आणि कढई काठोकाठ भरून ठेवली. साडेबारा वाजले, दीड वाजला. आईने फोन लावला.

"वहिनी, माझी गाडी कसारा सोडून पुढे आली."

"अहो, आणि कढई?"

"भांडंपण तुमचंच आता. जिन्नस तर पहिल्यापासून तुमचेच होते."

आईने फोन ठेवला. "अख्खे काजू घातले होते मेलीसाठी," म्हणाली, आणि रडायला लागली.