मी ‘सबर’ म्हणालो होतो

फुटबॉलच्या सामन्यात, ऐन गोलच्या तोंडाशी, आमच्याच बचावपटूला मी बाहेरून मराठीत ओरडून सांगितलं. त्याची भाषा अरबी होती. झालं, एवढीच ती चूक.

ही मी कुणालाही सांगितलेली नाही. आणि हे मी म्हणतोय — ज्याला स्वतःच्या फजित्या सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही! सुट्टीच्या दिवशी कुणाकडे गेलो की लोक खुर्च्या जवळ ओढतात, ‘आता तो झेंड्याचा किस्सा होऊ दे’ म्हणतात. क्लबातला माझा पहिला सामना. लाइनमनने ऑफसाइडचा झेंडा वर केला, मला वाटलं नवीन माणूस बघून रामराम घालतोय, म्हणून मीही हात हलवला. शारजातल्या बहुतेक मराठी घरांत हा किस्सा पोचला आहे. पण ही गोष्ट नाही पोचली. ही सांगायला बसलो की तोंडातून दुसरीच निघते. आत्ताही बघा — तेच केलं ना?

तर, पहिल्यापासून.

मी कबड्डीचा माणूस. चिपळूणकडचा. शारजात एका गोदामात सुपरवायझर होतो, आणि सुट्टीला औद्योगिक भागातल्या एका रिकाम्या प्लॉटवर आपल्या पोरांची कबड्डी घ्यायचो. गॅरेजात, साइटवर राबणारी माणसं. वाळूत लोळली की त्यांचा आठवडा सुटायचा. एकदा तिथे एक गाडी थांबली. हातिम नावाचा एक इजिप्शियन गृहस्थ उतरला आणि उन्हात डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. तो एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा मुख्य कोच होता. क्लबचं नाव राहू द्या.

त्याला चढाईचं कौतुक नव्हतं. त्याला आवडली साखळी. एकटा गडी आत शिरतो आणि समोरचे सगळे हातात हात धरून, कुणीही आगाऊपणा न करता, त्याला हळूहळू कोपऱ्यात नेतात — ते. “माझे चार बचावपटू चार दिशांना धावतात,” तो म्हणाला. “त्यांना हे शिकव. फक्त हात न धरता.”

मी हो म्हणालो. फुटबॉलमधलं मला काय कळत होतं? गोलकीपरने हात लावला तर चालतं, इतपत. पण व्यावसायिक क्लब, त्यांचा व्हिसा, छातीवर क्लबचं चिन्ह असलेला टी-शर्ट — कोण नाही म्हणेल? गावच्या मंडळाने नाक्यावर फ्लेक्स लावला. कुठल्याशा गोऱ्या खेळाडूच्या धडावर माझं डोकं चिकटवलेलं होतं. माझी बायको शुभदा तो फोटो बघून म्हणाली, “पाय चांगले दिलेत तुम्हाला.”

तिकडे कोचला ‘कॅप्टन’ म्हणतात. मीही कॅप्टन झालो. जन्मभर अनवाणी खेळलेला माणूस; बुटांशी माझं कधी जमलं नाही. शाळकरी पोरांसारखे पट्टी चिकटवायचे बूट घालून मी मैदानाच्या कडेने हिंडायचो आणि खेळाडू हसायचे. हसेनात का. चौघेजण हळूहळू एका रेषेत हलायला लागले होते.

आता त्या शब्दाकडे येतो. यायलाच हवं.

कबड्डीत बाहेरून ओरडायचा माझा शब्द एकच — दम! चढाई करणाऱ्याचा दम म्हणजे श्वास, ते झालंच. पण पकडीला उभ्या असलेल्या गड्याला ‘दम’ म्हटलं की अर्थ वेगळा. थांब. अंगावर जाऊ नकोस. त्याला येऊ दे, त्याला चुकू दे. गंमत अशी की फुटबॉलच्या बचावपटूलाही नेमकं हेच सांगायचं असतं. म्हणजे माझा सल्ला बरोबर होता. अगदी शेवटपर्यंत बरोबर होता!

माझी मुलगी सई तिथेच वाढलेली. शाळेत अरबी शिकायची, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. नोकरी लागली त्या आठवड्यात मी घरात हात फेकत सराव करत होतो, तर पुस्तकातून मान वर करून म्हणाली, “बाबा, डोन्ट शाउट दॅट देअर. दम मीन्स ब्लड.”

“मग काय ओरडू?”

“से सबर.”

सबर. म्हणजे आपली सबुरीच की. अख्खा हंगाम मी ‘सबर, सबर’ ओरडत काढला. म्हणजे मला माहीत होतं — हे जरा लक्षात ठेवा. पुढे मी ते माहीत नसल्यासारखा वागणार आहे.

साखळीतला मधला खांब होता इद्रिस. सुदानी, पण जन्म शारजातला. वडील स्पेअरपार्टच्या गल्लीत होते, त्यामुळे त्या गल्लीची हिंदी बोलायचा. मला त्याच्याशी बोलायला मध्ये माणूस लागत नसे. माझं म्हणणं आधी त्याला कळायचं, मग तो बाकीच्यांना अरबीत सांगायचा. “कॅप्टन, तुम फुटबॉल नहीं जानता,” तो म्हणायचा, “लेकिन आदमी को घेरना जानता.” वडील गेल्यावर आई त्याच्या व्हिसावर होती. त्याचा करार त्या हंगामापुरता. संघ वरच्या गटात गेला तर सगळ्यांचे करार वाढणार होते. नाही गेला तर — ते कुणी बोलत नव्हतं.

शेवटचा सामना. बरोबरी पुरत होती. आणि बरोबरी होती.

मध्यंतरानंतर एका टकरीत इद्रिसची भुवई फुटली. डॉक्टरने पट्टी बांधली, रेफ्रीने तपासली आणि बजावलं — परत रक्त दिसलं तर बाहेर जावं लागेल. आमच्याकडचे बदली खेळाडू वापरून संपले होते. तो बाहेर जाणं म्हणजे दहा जणांनी खेळणं. त्यामुळे तो सारखा भुवईला हात लावून बोटं बघायचा. हे मी बघत होतो. सगळेच बघत होते.

अगदी शेवटी त्यांचा एक गडी चेंडू घेऊन आत शिरला. इद्रिस समोर. काय उभा होता! गुडघ्यात वाकलेला, अर्धं पाऊल मागे, त्याला बाहेरच्या बाजूला नेणारा — माझ्या वाळूच्या प्लॉटवरची पकड, हिरव्या गवतावर. मला भरून आलं. आणि भरून आल्यावर माणूस काय अरबीत ओरडतो?

“दम! दम, इद्रिस, दम!”

त्याचा हात भुवईकडे गेला. त्याने बोटं बघितली. बोटं कोरडी होती. तेवढ्यात चेंडू त्याच्या बाजूने निघून गेला.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट त्या झेंड्याच्या किश्शासारखीच झाली असती, नाही का? लोक हसले असते. मीही हसवलं असतं. पण गोष्ट इथे थांबत नाही. ड्रेसिंग रूममध्ये जाते.

तिथे क्लबचा मॅनेजर हातात फोन घेऊन उभा होता. त्यावर गोलचं चित्रण — बँड आणि गर्दीचा गोंगाट, बाकी काही ऐकू येत नाही. दिसतं फक्त एवढंच: चांगला उभा असलेला बचावपटू आपण होऊन थांबतो, हात वर नेतो आणि समोरच्याला वाट देतो. पुन्हा पुन्हा तेच. मॅनेजरने अरबीत काहीतरी विचारलं. शब्द मला कळले नाहीत; पण खेळाडूला कुणी ‘किती घेतलेस’ असं विचारतं, तेव्हा भाषा कळावी लागत नाही.

इद्रिसच्या उत्तरातला ‘दम’ मात्र मला कळला: बाकावरून कुणीतरी ‘रक्त’ असं ओरडलं.

हातिमने एकेकाला विचारलं. डॉक्टर — नाही. राखीव गोलकीपर — नाही. मग इद्रिसने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात शेजारच्या मुलाकडे बघावं तसं — तू सांगतोस ना आता? मी खाली वाकलो आणि बुटाची लेस बांधायला लागलो. माझ्या डोक्यावर हातिमचा आवाज आला, “कॅप्टन, तू काय ओरडलास?”

“सबर,” मी म्हणालो. “नेहमीसारखं.”

बस. हाच तो माझा जबाब. एका शब्दाचा. आणि तोही कसा खराखुरा वाटला! हातिमने मान डोलावली. अख्खा हंगाम त्याने माझ्या तोंडून तेच तर ऐकलं होतं.

तुम्ही विचाराल, त्या क्षणी काय वाटलं? काही नाही. हेच तर मला सांगता येत नाही. छाती धडधडली, घाम फुटला — असलं काही झालं असतं तर बरं झालं असतं. मी बसमध्ये बसलो, एसीची हवा तोंडावर येत होती ती दुसरीकडे वळवली, कुणीतरी खजूर पुढे केले ते खाल्ले. चांगले होते. घरी सईने विचारलं, “यू लॉस्ट? हाउ?” तर मी म्हणालो, “एक जण ऐन वेळी कचरला.” कचरला — हा शब्द मी निवडून वापरला. स्वतःच्या पोरीसमोर. मग वरणभात मागून घेतला.

इद्रिसचा करार संपला आणि पुढे वाढला नाही. त्याच्यावर आरोप कुणी केला नाही. आरोपाला उत्तर तरी देता येतं. दुसऱ्या क्लबांत चौकशी केली की पलीकडचे लोक गप्प व्हायचे म्हणे. व्हिसा जायची वेळ आली तेव्हा आईला आधी सुदानला तिच्या भावाकडे पाठवलं, असं कानावर आलं. माझा करार मात्र वाढला. ‘बचाव सुधारला’ असं हातिमने लिहून दिलं. मी आणखी एक हंगाम तो टी-शर्ट घातला. ‘सबर’ शब्द मात्र माझ्याच्याने परत उच्चारवेना. शिट्टी वापरायला लागलो. पुढे हातिमने क्लब सोडला, त्याच्यामागे मीही सोडला. आता एका शाळेत पीटी शिकवतो.

कुठल्याही दिवशी फोन करता आला असता. हातिमला, मॅनेजरला, इद्रिसला. नंबर होते. सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं — नोकरी? गोदाम तिथेच होतं. फ्लेक्स तर पहिल्याच वादळात फाटला होता. मग कशासाठी? मी खूप शोधलं. तिथे काही नाही. हात घातला तर रिकामाच बाहेर येतो.

गेल्या महिन्यात गाडीचा कॉम्प्रेसर गेला. औद्योगिक भागात एकाने स्पेअरपार्टचं दुकान दाखवलं, आणि काउंटरमागे इद्रिस. जरा सुटला होता. भुवईत केस न उगवलेली एक बारीक रेघ. मला बघून त्याने हाक मारली, “यल्ला, कॅप्टन, आओ!” स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. कॉम्प्रेसर कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये ते सांगितलं. आई? तिकडेच असते, म्हणाला. फोनवर बोलतो, लाइन लागली तर. सई कशी आहे ते विचारलं.

चहा संपला. उठायच्या आधी मी म्हणालो, “इद्रिस, वो मॅच में...”

मी खाली बघितलं. पायांत तेच, तसलेच बूट. पट्टी अर्धी सुटली होती. सवयीने वाकलो.

काउंटरवर कोपरं टेकून तोही वाकला आणि माझ्या पायांकडे बघत, भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाला, “कॅप्टन, उस दिन भी तुम ऐसा नीचे बैठा था. लेस बांधता था. तुम्हारा बूट में लेस नहीं था.”