जिभेला न लावलेलं पाणी

फाल्गुनातल्या एका सकाळी आमच्या घरचा चहा फाटला. दूध घरच्या गाईचं, नुकतंच काढलेलं, म्हणून आधी संशय पातेल्यावर घेतला. पातेलं घासून पुन्हा चहा ठेवला, पुन्हा फाटला. दुपारी घरचेच वाल दोन तास चुलीवर राहूनही टणकच. तेव्हा ह्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं. आमच्या विहिरीला खारं पाणी लागलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याचा फ्लॅट विकून श्रीवर्धनच्या बाजूला ही नारळ-सुपारीची वाडी घेतली. हे कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे, मी शाळेत गणित शिकवायचे. मुलीला इथल्या शाळेत घातलं आणि ठरवलं, जे पिकेल ते खायचं. तांदूळ, वाल, भाजी, दूध, खोबरेल, हळूहळू सगळं घरचं होऊ लागलं. ठाण्याहून कुणी आलं की मी ठसक्यात सांगायचे, "बाजारातून फक्त चहा-साखर, मीठ आणि काडेपेटी येते." विहीर खारट झाली त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, आता मीठपण घरचंच झालं." हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दर मंगळवारी मी गावदेवीला जायचे, पण खरं सांगायचं तर हजेरी लावायला जावं तशी. मागायचं काही नव्हतंच. आमचं आम्हाला पुरत होतं ना!

चूक कुठे झाली तेही सांगते. वाडी वाढली तसं पाणी कमी पडू लागलं, म्हणून ह्यांनी मोठी मोटार बसवली. तीही हवा ओढू लागली तेव्हा माणूस बोलावून विहिरीच्या तळालाच बोअर मारून घेतलं. पाणी असं उसळून आलं की आम्ही दोघं काठावर उभे राहून टाळ्या पिटत होतो. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात चहा फाटला. मग सुपारीच्या रोपांची टोकं करपू लागली, गाय पाण्याला तोंड लावेना. एका संध्याकाळी हे म्हणाले, "मे संपेपर्यंत बघू. गोडं पाणी आलं नाही तर वाडी विकून परत जायचं." मी भांडले, तोंडाला येईल ते बोलले, पण पाण्याशिवाय वाडी होत नाही हे मलाही कळत होतं.

त्यातच शिमगा आला. आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते. देवी स्वतः दारात येते, तेव्हा पालखी वाहणाऱ्यांचे पाय धुवायचे, देवीची ओटी भरायची, सगळ्यांना गूळपाणी द्यायचं, अशी रीत. मी म्हसळ्याहून पाण्याचे दोन जार मागवले. विकतच्या पाण्यानं पाय धुताना मान वर करवेना.

पालखीबरोबर एक म्हातारेबाबा होते, डोक्याला पंचा गुंडाळलेले, पायांत काही नाही. मी गूळपाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. सरळ विहिरीकडे गेले, बादली सोडली, पाणी चाखलं आणि आत सोडलेल्या पाइपकडे बघत राहिले. इथे विहिरीला बाव म्हणतात.

"बावीच्या तळाला भोक कुनी पाडलं?"

"मी," हे म्हणाले.

"दर्या हाय बाजूला. खारं पानी खाली ऱ्हातंय, गोडं त्याच्यावर. तू खालनं वढतोस, मंग दर्या आत येनार न्हाय तर काय करनार? भोक बुजव चिकनमातीनं. मोटार काढ. चैताच्या पुनवेपातूर बावीला निजू दे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि बाय, गोडं झालं का म्हनून रोज चाखत बसू नको. पुनवेला वरच्यावर, तळ न ढवळता, पहिली कळशी काढ नि देवीला ने. तवर जिभेला लावू नको. देवीला उष्टं चालत न्हाय."

ढोल वाजला, पालखी उचलली गेली आणि तेही गर्दीबरोबर पुढे गेले. तळाचं बोअर त्यांना कसं कळलं? पाइपवरून ओळखलं असेल, कुणी सांगितलं असेल. मी त्यात शिरत नाही.

ह्यांचा पारा चढला होता. यंत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाला कुणी पाण्याचं शिकवावं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "आपलं डोकं चालवून तर पाहिलंय, आता त्यांचं ऐकू." मोटारीनं विहीर एकदा उपसली, हे दोर धरून खाली उतरले, मी वरून चिकणमातीच्या टोपल्या सोडल्या. भोक बुजलं, मोटार निघाली. विहिरीवर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं टाकली आणि खरी परीक्षा सुरू झाली.

पाण्यासाठी शेजारच्या वनिताताईंकडे जावं लागलं. तीन वर्षं त्या कधी वांगी, कधी अळू घेऊन यायच्या आणि मी हसून परत पाठवायचे, "आहे हो आमच्याकडे!" आता त्यांच्याच दारात रिकामी कळशी घेऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मागायला कसली लाज? पानी काय कुनाच्या बापाचं हाय?" आणि स्वतःच दोर हातात घेतला. तेवढ्या पाण्यात माणसं, गाय आणि सुपारीची रोपं जगवली. भाजीचे वाफे डोळ्यांदेखत वाळले, तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

पण पाणी वाहण्यापेक्षा न चाखणं जड होतं. मी गणिताची बाई. उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय वही मिटू नका, असं मुलांना हजारदा बजावलेलं. रोज पहाटे विहिरीशी जायचे, झाप बाजूला करायचे, पाणी वर आलेलं दिसायचं. एक बोट बुडवलं असतं तर कळलं असतं. नुसतं काठाला टेकून देवीचं नाव घ्यायचे आणि परत यायचे. पहिल्या आठवड्यात ते नाव चिडून घेतलं, दुसऱ्यात घाबरून. पुढे कधीतरी लक्षात आलं, आपण काहीच न मागता नुसतं नाव घेतोय. इतकी वर्षं देवळात जाऊन जे जमलं नव्हतं ते विहिरीच्या काठावर जमू लागलं होतं.

त्या बाबांचा मी शोध घेतला. वनिताताईंना वाटलं होतं ते आमचेच पाहुणे. देवळातले गुरव म्हणाले, "शिमग्याला चाकरमानी येतात, पाव्हने येतात, कुनाकुनाला वळखू?" दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

चैत्र पौर्णिमेला सूर्य उगवता उगवता वरच्यावर कळशी भरली आणि डोक्यावर घेऊन निघाले. कधी देवळाची पायरी न चढणारे हे त्या दिवशी बरोबर आले. वाटेत मला एकदम भीती वाटली. पाणी खारट असेल तर? देवीला खाऱ्या पाण्यानं आंघोळ घातली असं होईल, साऱ्या गावाच्या तोंडी तेच तीर्थ जाईल आणि आमची वाडी संपल्याचं सगळ्यांना एकदमच कळेल. परत फिरावंसं वाटलं. पण कळशी आता देवीची होती, ती मी परत कशी नेणार?

गुरवांनी कळशी घेतली, देवीवर धार धरली, खाली ताम्हनात जमलेलं पाणी तीर्थाच्या भांड्यात घेतलं. माझ्यापुढे वनिताताई होत्या. त्यांनी तीर्थ घेतलं, वळून माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. माझ्या तळहातावर पळीभर पाणी पडलं. डोळे मिटून तोंडात घेतलं. ज्याला कसलीच चव नसते ते साधं, गोडं पाणी होतं.

मागे हे होते. त्यांनी तीर्थ घेतलं आणि पुन्हा हात पुढे केला. गुरवांनी विचारलं, "परत?" ह्यांचा हात तसाच पुढे होता. गुरवांनी त्यावर दुसरी पळी ओतली.

वाडी विकायचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही. आता आम्ही हातानं पाणी काढतो, वरच्यावर, आणि विहीर देईल तेवढीच भाजी लावतो. वनिताताईंचं अळू आमच्याकडे येतं, आमचे वाल त्यांच्याकडे जातात. स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर आधी वाकता यावं लागतं, हे देवीनं मला या वयात शिकवलं, त्याचे उपकार कुठल्या शब्दांत मानू? जन्मभर जे मिळवलं ते माझं, असंच समजत आले. त्या सकाळी माझ्याच विहिरीचं पाणी मला तिच्या पायांवरून मिळालं, आणि ते घ्यायला मी हात पसरला होता.