यास्मिनची टाळी कुणाच्या नावावर गेली?

आमच्या चारशे माणसांनी यास्मिनसाठी वाजवलेली टाळी चॅनेलने उचलली आणि दुसऱ्या गायकाला लावली. हा आरोप नाही, माहिती आहे. ती टाळी मीच पुरवली होती.

मी लेबर कॉन्ट्रॅक्टर. बीडहून आलो तेव्हा पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये हेल्पर होतो. आज चाकणच्या कंपन्यांना माणसं देतो आणि अधूनमधून टीव्हीवाल्यांनाही. कार्यक्रमात समोर बसून हसणारे, डोळे पुसणारे लोक आपोआप येत नाहीत. त्याला ऑडियन्स सप्लाय म्हणतात.

हा कार्यक्रम देशभराचा होता. परदेशातल्या गाण्यांच्या स्पर्धेत भारताकडून कोण जाणार, ते यात ठरणार. फायनलचं शूटिंग चाकणच्या एका रिकाम्या शेडमध्ये. वार गुरुवार, म्हणजे आमच्याकडची साप्ताहिक सुटी. तो मीच भांडून घेतला. आमची माणसं राहतात त्या कुरुळीहून बस, दोन चहा, जेवणात पनीर, सगळं वाजवून घेतलं.

दोनच गायक उरले होते. एक दिल्लीचा दाढीवाला मुलगा. दुसरी यास्मिन, देहूरोडच्या एका मेकॅनिकची मुलगी. ती कुरुळीला भाड्याने राहते आणि कंपनीत गाड्यांची सीट कव्हर शिवते. गाणं तिचं स्वतःचं, शिलाई मशीनच्या ठेक्यावर बसवलेलं. पासपोर्टही काढून ठेवला होता पोरीने.

निम्मे मार्क जजचे, निम्मे टाळीचे. गाणं संपलं की स्टेजवर लाल दिवा लागणार. तो विझून हिरवा लागेपर्यंत मशीन टाळीचा आवाज मोजणार.

यास्मिन आधी गायली. झकास गायली. लाल दिवा लागला.

चारशे माणसं गप्प. हात मांडीवर. एकाने हात उचलला, तर शेजारच्याने खाली दाबला. यास्मिनचा चेहरा पांढरा पडला. मग हिरवा दिवा लागला आणि शेडचे पत्रे हादरतील अशा टाळ्या! फ्लोअर मॅनेजर ओरडतोय, "आता नको, आता नको!"

मी आमच्या लाइन लीडरला, भीमरावला गाठलं. "टाळ्या का नाही वाजवल्या रे?"

"भाऊ, लाल लागला व्हता की! लाइन बंद. तुमीच सांगितलंय, लालमधी हात हलला तर थेट घरी."

खरं होतं. कंपनीत हिरवा म्हणजे मशीन चालू, लाल म्हणजे बंद. बोटं शाबूत राहावीत म्हणून मीच ते प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

डायरेक्टर मॅडम धावत आल्या. "तुमचे लोक वेडे आहेत का?"

"वेडे नाहीत मॅडम, ट्रेन्ड आहेत."

"लाल म्हणजे रेकॉर्डिंग! सगळ्या जगात!"

"जगात असेल. चाकणमध्ये लाल म्हणजे हात मशीनबाहेर. रिटेक घ्या."

"रिटेक नाही. नियम आहे."

माझं डोकं सटकलं. "मग दिल्लीवाल्यालाही असेच गप्प बसतील. दाखवा देशाला शोकसभा!"

"बरं, शेवटचं कडवं घेऊ."

"पूर्ण गाणं. आणि त्या लाल दिव्यावर हिरवा कागद लावा."

"अहो, किती ताणता! घ्या पूर्ण!"

हिरवा कागद चिकटवला. यास्मिन पुन्हा गायली, यावेळी चिडून, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट चांगली. दिवा लागला आणि काय सांगू राव! तिच्या शिलाई विभागातल्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहून नाचल्या. भीमरावने टोपी उडवली, ती कॅमेऱ्यावर जाऊन बसली. समोर बसलेल्या यास्मिनच्या अब्बांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि मग स्वतःच लाजले. सगळी शेड एकच ओरडत होती, "ताई! ताई!" मशीनवाला म्हणाला, "हँग झालं की काय हे?" मीही नाचलो. मला नाचता येत नाही.

नंतर दिल्लीवाला गायला. चांगलं गायला. लोकांनी बसून, रीतसर टाळ्या दिल्या.

निकाल रविवारी टीव्हीवर होता. कुरुळीच्या चाळीत आम्ही पन्नासेक जण एका टीव्हीसमोर. यास्मिनचं गाणं संपलं आणि पडद्यावर दिसले गप्प चेहरे, मांडीवर हात. पहिला टेक! मग दिल्लीवाल्याचं गाणं संपलं. खुर्च्यांवर बायका, हवेत टोपी, आणि त्या दाढीवाल्याला चारशे माणसं ओरडतायत, "ताई! ताई!"

चाळ खो खो हसली. यास्मिनसुद्धा ओढणी तोंडात कोंबून हसली. मग पडद्यावर मार्क आले. टाळीच्या मार्कांत ती खूप मागे होती. दिल्लीवाला परदेशात जाणार होता. हसणं जागच्या जागी थांबलं.

मी मॅडमना फोन लावला.

"एडिटिंगमध्ये पुढेमागे होतं हो," त्या म्हणाल्या. "टाळी ती टाळीच."

"आणि मार्क?"

"पहिल्याच टेकचे धरतात. नियम आहे."

"मग तिला दुसऱ्यांदा गायला का लावलं? टाळी भरून घ्यायला?"

फोन कट.

सोमवारी यास्मिन फर्स्ट शिफ्टला गेली. मी पनीरसाठी तासभर भांडलो होतो, पण कुठला टेक धरणार हे लिहून घेतलं नाही. ऑडियन्स सप्लायच्या धंद्यात हे आधी लिहून घ्यावं.

पण चूक कबूल केली म्हणून मी सोडणार नाही. मॅडम, कुठल्याही गुरुवारी कुरुळीला या. दोन्ही टेकचे आकडे घेऊन या. ज्यांच्या हातांनी ती टाळी वाजली, त्या चारशे माणसांसमोर उभ्या राहा आणि यास्मिनच्या डोळ्यांत बघून सांगा, ती टाळी दुसऱ्याला देण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?