नस माही हाये

माझ्या आत्याचा दुकानदारावर काडीचा विश्वास नव्हता. एकोडीहून साकोलीला साधा कुकर घ्यायला आली, तरी आधी तो वापरणाऱ्या चार बायका गाठायची. "इकणाऱ्याले काय इचारतेस बाबू, वापरणाऱ्याले इचार," म्हणायची. मी पडलो शाळामास्तर. मला कोणालाच काही विचारायची गरज भासत नसे.

तिच्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर किमोसाठी मी तिला नागपूरला नेऊ लागलो. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई टोचायची नव्हती, म्हणून सगळा मार उजव्यावर. तिसऱ्या किमोला पाच वेळा टोचूनही नर्सला नस सापडेना. मग डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले : दंडातून आत सोडायची बारीक नळी, नाहीतर छातीत कातडीखाली बसवायचं मोठ्या बटणाएवढं पोर्ट. सांगितले अर्थात मला. आत्या शेजारच्याच खुर्चीत होती, पण चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. "पेशंटला समजावून सांगा," एवढं म्हणून ते निघून गेले.

घरी बैठक बसली. तिचे दीर निवृत्त ग्रामसेवक. छातीत यंत्र बसलं म्हणजे माणूस संपला, असा निकाल त्यांनी दिला. आत्याच्या नवऱ्याने सवयीने होकारार्थी मान हलवली. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालो होतो. नळीच्या बाजूने अर्धा तास बोललो. बैठकीचा चहा आत्यानेच केला. तिला कोणी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला ती खुर्चीवरून गायब झाली. शोधलं तर वॉर्डात. नळीवाल्या बाईला आंघोळ कशी करते ते विचारत होती, पोर्टवाल्या म्हातारीच्या छातीवरची जागा बोटाने चाचपून पाहत होती. मला लाज वाटली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय ठरलं?" मी "आम्ही असं ठरवलं, की..." म्हणून सुरुवात केली.

"तू थांब बाबू. नस माही हाये," आत्या म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "नळीचा हात भिजवता येत नाई म्हणते ते बाई. मले धानाची रोवणी करा लागते. बटणवालं बसवा. पण पोलक्याच्या आत रायलं पायजे."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. रोवणीला नक्की काय काय करावं लागतं, ते त्यांनी तिलाच विचारलं.

पोर्ट बसवण्याच्या दिवशी धीर द्यायला मी गेलो आणि कापसावरचं रक्त पाहून मलाच घेरी आली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कॉटवर मी आडवा होतो. "झोप, झोप," म्हणाली आणि स्टुलावर बसली.

किमो पुरे झाले. पुढे दोन पावसाळे ती धानाच्या बांधीत उतरली, गुडघाभर चिखलात, बायकांना ओरडत. मग दुखणं यकृतात निघालं. आणखी औषध देऊन पाहता येईल, पण फार भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी तिलाच. ती उठून वॉर्डात गेली. लवकरच परतली.

नळीवाली बाई नव्हती. म्हातारीही नव्हती. त्या दोघींचं विचारलं, तर नर्सने नुसती नकारार्थी मान हलवली होती.

आत्या माझ्याजवळ बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला विचारलं, "बाबू, तुले काय वाटते?"

मी मोबाइल काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. तिने ते पाहिलं. मग पिशवी उचलली आणि म्हणाली, "चाल, घरी जाऊ."