तेरा आंधळे संत आणि एक किल्ली

आमच्या ग्रीक बेटावर पाहण्यासारखं एकच आहे, आणि त्याची किल्ली झाम्बेतामावशीच्या कमरेला. तसा एक पडका किल्लाही आहे, पण तिथे बकऱ्या राहतात आणि त्या कोणाला आत घेत नाहीत. उरलं टेकडीवरचं संत परास्केवीचं देऊळ. ही संतीण डोळे बरे करणारी. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्या देवळाच्या भिंतींवर चौदा संत रंगवले, आणि त्यांतल्या तेरा जणांना आज डोळे नाहीत.

टेकडीखाली माझं कॉफीचं दुकान. पाहुणे येतात, किल्ली विचारतात, मी मावशीच्या घराकडे बोट दाखवतो. मावशी शहात्तर वर्षांची, त्यांतली चाळीस किल्ली सांभाळण्यात गेली. पगार नाही, मान तर त्याहून नाही. उघड्या मांड्यांनी आलेल्याला ती स्वतःचा जुना घागरा नेसवते, मग तो जर्मन प्राध्यापक का असेना. मेणबत्ती न लावणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावते.

इथवर गावाला चालत होतं. भांडण होतं ते डोळ्यांचं. गावाने दारावर पाटी लावली होती की संतांचे डोळे दर्यावरच्या लुटारूंनी फोडले. छान पाटी, आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. आणि मावशी त्याच पाटीखाली उभी राहून पाहुण्यांना सांगायची, "लुटारू यायचे सोनं, बकऱ्या आणि पोरी न्यायला. चुना खरवडून काय करतील ते? हे आमच्याच बायकांचं काम. पोराचे डोळे बिघडले की संताचा डोळा खरवडायचा, पाण्यात कालवून पाजायचा. त्या तिसऱ्याचा डावा डोळा माझ्या आजीनं मला पाजलाय."

खरं बोलावं हो, पण पाहुण्यांसमोर? गावाची अब्रू रोज वेशीवर टांगायची ही बाई. आमच्या प्रत्येकाच्या आजीने त्या भिंतीतला एखादा डोळा उचललेला आहे, हे आम्हाला ठाऊक नाही का? म्हणून काय सांगत सुटायचं?

या वसंतात अथेन्सहून पुरातत्त्व खात्याची बाई आली, किल्ली कोणाकडे ठेवायची ते ठरवायला. आमचा सरपंच दियामंदिस आदल्या दिवशी मावशीच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. म्हणाला, 'लुटारू' एवढा एकच शब्द बोल, की किल्ली जन्मभर तुझी. मावशीला मूल ना बाळ, नवरा समुद्राने नेलेला. सकाळी अंथरुणातून उठायला ती किल्ली, एवढंच कारण. तिने मान डोलावली आणि आम्ही निश्चिंत झालो. शहाणेच ना आम्ही.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात, अर्ध्या गावासमोर, त्या बाईंनी विचारलं आणि मावशीने आजीचा पराक्रम साग्रसंगीत सांगितला. बाईंनी चष्मा काढला. ज्या घराने भिंत खरवडली त्या घरात किल्ली ठेवता येणार नाही, म्हणाल्या. आणखी कोणाच्या घरी असं झालंय का, असंही विचारलं. वीस माणसं एकदम आपापल्या कपात बघायला लागली. कपात काय होतं? गाळ.

मावशीने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"एकच सांगते," ती म्हणाली. "चौदाव्याचे दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत. एक जण शिडी आणि सुरी घेऊन आला होता त्यांच्यासाठी. मी दार सोडलं नाही."

"कोण आला होता?" बाईंनी विचारलं.

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "विसरले बाई. वय झालं."

अकरा वर्षांपूर्वी माझ्या आईची नजर जात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या दुपारी मावशी देवळाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. मी तिला नाही नाही ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "स्त्रातिस, मला तरी कुठे गुण आला? या डाव्या डोळ्याने मला आजही दिसत नाही." आई आंधळीच गेली. तेव्हापासून मी मावशीशी धड बोललो नव्हतो.

"तो मी होतो," मी म्हणालो. सरपंचाने कपाळाला हात लावला.

बाई बराच वेळ लिहीत बसल्या. मग म्हणाल्या, जी ओळखीच्या माणसालाही दारात अडवते, तिच्याहून चांगली राखणदार खात्याला कुठे मिळायची? किल्ली पुन्हा मावशीच्या कमरेला गेली आणि पाटी खाली उतरली.

आता मला काय मिळालं ते ऐका. लुटारूंची गोष्ट पाहुणे कुठेतरी वाचून आलेले असतातच, आणि ते विचारतातच. मग मावशी टेकडी चढण्याआधी त्यांना मुद्दाम माझ्या दुकानात घेऊन येते आणि माझ्याकडे बोट दाखवते.

"हा बघा आमचा लुटारू," म्हणते. "कॉफी चांगली करतो."