अट्रॅक्टाने पेटू न दिलेली चूल

माझी नणंद अट्रॅक्टा गिलव्हरी फार चांगली बाई होती, असं आता सगळं गाव म्हणतं. मेल्यावर म्हणायला काय जातं? जिवंत होती तेव्हा हीच माणसं तिला लांबून पाहून रस्ता बदलायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे मीही मान्य करते. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ती पहिल्या बाकावरून मोठ्याने खोकायची, आणि तरी ते थांबले नाहीत तर घड्याळ काढून कानाला लावायची.

तरुणपणी ती शेजारच्या गावात पाद्रीबाबांच्या घरी कामाला होती. एका हिवाळ्यात तिथल्या चुलीमागचा बॉयलर फुटला. स्वयंपाकीण फिलोमिना, अट्रॅक्टाची जिवाची मैत्रीण, चुलीपुढेच उभी होती. अट्रॅक्टा दूध आणायला गेली होती म्हणून वाचली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण तेव्हापासून दंव पडलं की शेजाऱ्यांना न विचारता त्यांच्या माळ्यावर चढायची आणि टाकीत हात घालून बघायची. लोक हसायचे.

आमच्या मेयो परगण्यातल्या जुन्या घरांत सगळा संसार त्या चुलीवर चालतो. पुढे टर्फ जळतो, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, मागच्या बॉयलरमध्ये पाणी तापतं आणि नळ्यांतून घरभर फिरून रेडिएटर गरम करतं. माळ्यावर एक छोटी टाकी असते. तिच्यातून एक नळी खाली बॉयलरला पाणी पुरवते. दुसरी नळी बॉयलरपासून वर येते आणि काठीच्या मुठीसारखी वाकून टाकीवर उघड्या तोंडाने थांबते. पाणी तापून फुगलं, त्याची वाफ झाली, तर सुटायला तीच वाट. या दोन्ही नळ्या गोठल्या आणि खाली कुणी चूल पेटवली, तर फिलोमिनाचं झालं तेच होतं.

आमची लेक सोरखा नवऱ्याबरोबर टोरांटोला गेली तेव्हा तिच्या घराची किल्ली अट्रॅक्टाकडे होती. घर ओलं होऊ नये म्हणून ती अधूनमधून तिथे चूल पेटवायची. त्या वर्षी शरद ऋतूत माझ्या नवऱ्याला, मॅलकीला, हुक्की आली. त्याने लेकीच्या माळ्यावर ऊब राखणाऱ्या काचलोकरीचे जाड थर अंथरले, अगदी टाकीच्या खालीसुद्धा, कोपरे दाबून, नीट.

अट्रॅक्टा शिडीवरूनच ओरडली, "मॅलकी, टाकीखाली काय कोंबलंस रे?"

"घरातली ऊब सगळी छपरातून जाते. आता नाही जाणार."

"अरे गाढवा, तीच ऊब टाकीला खालून लागते! तिच्यावर घाल, बाजूंना घाल, पण खालून उघडी ठेव. नाहीतर गोठेल."

"टाकीला काय थंडी वाजते का?"

"तुझ्या अकलेला वाजते. ती उन्हाळ्यातही गोठलेलीच असते!"

झालं. एवढं बोलल्यावर मॅलकी ती लोकर काढतोय होय! बहीण सांगते ते करायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. मी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

नाताळात सोरखा यायची होती, पहिल्यांदाच आमच्या नातीला, नेसाला, घेऊन. आमच्याकडे परदेशातून माणूस येणार असलं की आधी जाऊन त्याच्या घरातली चूल पेटवून ठेवायची असते. लेक थंड घरात उतरली तर आईबापांची नामुष्की. मॅलकीने आदल्या दिवशीच अट्रॅक्टाकडून किल्ली नेऊन चुलीत टर्फ रचून ठेवला होता. आणि त्या दिवशी सकाळी अट्रॅक्टा आमच्या दारात आली. त्या आठवड्यात असं कडक दंव पडलं होतं की गायींच्या हौदातला बर्फ कुऱ्हाडीने फोडावा लागत होता.

"तिकडची चूल पेटवायची नाही," ती म्हणाली. "वरची टाकी दगड झालीय. मी आत्ताच हात लावून आले."

"किल्ली दे," मॅलकी म्हणाला.

"नाही देत."

"लोक हसतील मला!"

"हसू देत. हसायला नात तरी उरेल."

ती तरातरा निघून गेली. मॅलकीने कुऱ्हाड उचलली आणि दार फोडतो म्हणत तोही निघाला. मी एप्रनवरच त्याच्या मागे धावले.

दार फोडावं लागलं नाही, ते उघडंच होतं. अट्रॅक्टा कोट घालून चुलीपुढे खुर्ची टाकून बसली होती. शेजारी दोन रिकाम्या बादल्या. आपल्या घरून पाणी आणून तिने रचलेला टर्फ भिजवला होता, टोपलीतलाही भिजवला होता. फरशीवर चिखल झाला होता.

"वेडी झालीस का तू?" मॅलकीचा आवाज चिरकला. तो जुनी वर्तमानपत्रं शोधायला लागला. काहीही करून पेटवायचंच होतं त्याला.

अट्रॅक्टा उठून मध्ये उभी राहिली. "आधी मला उचलून बाजूला ठेव, मग पेटव."

आणि त्याने तिचा दंड धरला. सख्ख्या मोठ्या बहिणीचा! मी अशी किंचाळले की त्याने हात सोडला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

सोरखा बाळाला छातीशी धरून आत आली. तोंडातून वाफ निघत होती. "आई, एवढं थंड कसं घर?"

"तुझ्या आत्याला विचार," मॅलकी म्हणाला.

सोरखाने चिखल पाहिला, बादल्या पाहिल्या आणि तिला रडूच फुटलं. "आत्या, निदान बाळाचा तरी विचार करायचास!"

अट्रॅक्टाच्या ओठांचा रंग उडाला. पण एवढंच म्हणाली, "शिव्या नंतर दे. आधी पोरीला आईच्या घरी ने."

मॅलकी तिला खोटं पाडायला माळ्यावर चढला. वरून ठक ठक आवाज आला, दगडावर दगड मारल्यासारखा. खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "वर थोडा बर्फ आहे."

थोडा! मी स्वतः चढून पाहिलं. टाकी तळापर्यंत पांढरी. वाकलेल्या नळीच्या तोंडात बर्फाचं बूच. खाली ती लोकर, कोपरे दाबून, नीट.

"बहिणीला सांग, चुकलो म्हणून," मी त्याला त्याच दिवशी म्हटलं. त्याने सांगितलं नाही. उलट पबमध्ये बसून नळवाल्यानेच नळ्या चुकीच्या घातल्यात असं सांगत सुटला. ते अट्रॅक्टाच्या कानावर गेलं. दंव उतरल्यावर टाकीखालची लोकर तिने एकटीने उपसून काढली आणि आमच्या फाटकाशी आणून टाकली. पुन्हा आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही. नेसा उन्हाळ्यात यायची तेव्हा फाटकाबाहेर उभी राहून तिला हाक मारायची. सोरखाने गळ्यात पडून माफी मागितली, तिच्याशी ती बोलायची, माझ्याशी बोलायची. भावाशी नाही. आणि भाऊ? सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. जायच्या आधी मला बोलावून किल्ली माझ्या मुठीत दाबली. "मॅलकीला देऊ नकोस," म्हणाली. तिला मातीत ठेवताना तो धाय मोकलून रडला. लोक त्याची पाठ थोपटत होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तिला ऐकू येत होतं तेव्हा बोलायचं होतंस." लोकांना ते आवडलं नाही. न आवडू दे.

आता सोरखा पुन्हा येतेय, नेसा तर तिच्या खांद्याला लागलीय म्हणे. काल दंव पडलं. आज सकाळी मॅलकीने माझ्यापुढे हात पसरला. "उना, किल्ली दे. चूल पेटवून येतो."

"आधी माझ्याबरोबर चल आणि माळ्यावर चढ," मी म्हटलं.

"माझे गुडघे दुखतात गं."

"तिचेही दुखायचे."

तो आला. कण्हत, कुंथत चढला. मी खाली शिडी धरून उभी. वर पाणी हललं, ते मला ऐकू आलं. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. माझ्याशी बोलत नव्हता.

"पाणी आहे गं, अट्रॅक्टा. गोठलेलं नाही."

मी शिडी सोडली नाही. पण माझा राग अजून गेलेला नाही.