आखाड्यावरचं धोंडे-जेवण

माझा जावई अमेरिकेतला आहे आणि काळा आहे. हे वाक्य मी आता सरळ लिहिते. पहिली काही वर्षं मी त्यातलं अर्धंच सांगायचे.

लेक माझी एकुलती. कॉम्प्युटरचं शिकली, तिकडं नोकरीला गेली आणि तिकडंच लग्न केलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा लग्न होऊन आठ दिवस झाले होते. मग फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. शेळीला पाला टाकला, हात धुतले, परत येऊन पुन्हा पाहिला. उंच माणूस, हसतमुख, रंग काळा. आपल्यात काळी माणसं कमी नाहीत. माझे मालक काही गोरे नव्हते. पण हे काळं निराळं, हे मला चौथी शिकलेल्या बाईलाही कळलं. मी कधी अशा माणसाशी बोलले नव्हते, त्यानं माझं काही बिघडवलं नव्हतं. तरी कळलं. ते मला कुणी शिकवलं, याचा शोध मी नंतर पुष्कळ घेतला. एक माणूस काही सापडला नाही.

गावात बातमी पसरली. बाया विचारायच्या, "जावई तिकडचाच का? मग गोरापान आसंल."

मी म्हणायचे, "शाळंत गणित शिकवतो."

प्रश्न एक, उत्तर दुसरं. त्यांनी तो गोरा धरला आणि मी धरू दिला. शेजारच्या घरात धाकटा दीर राहतो. मालक गेल्यापासून भावकीत त्याचाच शब्द. त्यालाही मी फोटो दाखवला नाही. फोन जुना आहे, फोटो उघडत नाही, असं सांगितलं.

दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो. आमच्याकडं तो धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला पाटावर बसवून पाय धुवायचे, कपडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. भावकी पंगतीला बसते आणि बाकीचं गाव काही ना काही निमित्तानं डोकावून जातं. लग्नानंतरचा पहिला धोंडा चुकवत नाहीत. लेकीचा फोन आला, "आई, आम्ही येतोय. त्याला मी सगळं सांगितलंय. पाय धुतात म्हटल्यावर तो आत्तापासून लाजायला लागलाय."

मला आनंद झाला नाही असं नाही. पण आधी आठवली ती भावकीची पंगत.

दोन दिवस मी विचार केला आणि तिला सांगितलं, "जेवण आखाड्यावर करू. गावात लाईट न्हाई, घर गळतंय. रानात मोकळं वाटंल त्याला."

आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची खोली आणि पुढं ओसरी. खतं, फवाऱ्याचा पंप, बी-बियाणं तिथं असतं. घर गळत नव्हतं. दिराला सांगितलं की त्यांना सुट्टी नाही, या वर्षी येत नाहीत. पहाटे उठून पुरण शिजवलं, डबे भरले आणि ऑटोवाल्याला म्हटलं, सिरसाळ्याला लेकीच्या मैत्रिणीकडं चाललेय, आधी रानात काम आहे, तिथंच सोड, पुढं एस्टीनं जाईन. एका दिवसासाठी तीन जणांशी खोटं बोलले.

संभाजीनगरहून त्यांची गाडी आली ती रानाच्या रस्त्यानं सरळ आखाड्यावर. गाव बाजूला राहिलं. लेकीनं गावाच्या वळणावर ड्रायव्हरला विचारलंही होतं म्हणे, देवळात जाऊन यायचं का. पण गाडी गावात घालू नको, असं त्याला मी फोनवर आधीच बजावलं होतं.

जावई उतरला आणि आधी वाकून पाया पडला. दोन पायांऐवजी एकाच पायाला हात लावला. मग उभा राहून रानाकडं बघत राहिला. सोयाबीन गुडघ्याएवढं होतं. त्यानं वाकून पान हातात घेतलं, लेकीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "तो विचारतोय, हे सगळं तुम्ही एकट्या बघता?"

"मग कोण बघणार? तुझा बाप वरून बघतोय तेवढंच."

तिनं सांगितल्यावर तो मोठ्यानं हसला. त्याचं हसणं मला आवडलं. खरं ते लिहिलं पाहिजे.

ओसरीवर पाट मांडला. पाय धुवायला घेतले तर तो मागं ओढायला लागला. म्हातारी बाई आपले पाय धुते हे त्याला सोसेना. मी पाय घट्ट धरला आणि म्हटलं, "त्याला सांग, बैल सुद्धा धुताना इतका ओढत न्हाई." धुतले, पुसले, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. टोपी त्यानं दिवसभर काढली नाही. धोंडे पाच खाल्ले. तूप वाढताना दुसऱ्यांचे जावई लाजून हात आडवा धरतात, यानं वाटीच पुढं केली.

त्या दिवशी खुरपायला रोजाच्या बाया होत्या. त्यांना मी नाही म्हणायला विसरले होते, एवढीच माझ्या बंदोबस्तात चूक राहिली. त्यातली एक बौद्धवस्तीतली, माझ्याच वयाची, वीसेक वर्षं माझ्या रानात येते. ती पाणी भरून घ्यायला ओसरीपाशी आली. जावयाकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, जावई आला व्हय? आन् आमच्या जागंवर बसवला की वं!"

मी म्हटलं, "पाणी घे आन् जा कामाला."

"जाते की. आमची भाकरीची येळ झाल्यावर त्याला जरा सरकून घ्याया सांगा म्हंजी झालं." आणि हसत गेली.

बाया दुपारी त्याच ओसरीवर भाकरी सोडतात. गावातल्या घरी आल्या तर ओट्याखाली उभ्या राहून बोलतात. मी त्यांना वर येऊ नका असं कधी म्हटलेलं नाही. वर या, असंही म्हटलेलं नाही.

जावयानं लेकीला विचारलं, ती काय म्हणाली? लेकीचा घास हातात राहिला होता. तिनं त्याला इंग्रजीत थोडंच काही सांगितलं. तो त्या बाईकडं बघून हात हलवायला लागला. बाईनंही रानाच्या धुऱ्यावर, बांधावर थांबून खुरपं हलवलं.

जेवण झाल्यावर तो धुऱ्याधुऱ्यानं फिरायला गेला. लेक भांडी घासायला माझ्याजवळ बसली.

"गावात कुणाला कुणाला सांगितलंस आम्ही आलोय म्हणून?"

मी तवा घासत राहिले.

"काकांना?"

"तुला गावचं म्हाईत हाय ना."

"मला तिथलंही माहीत आहे, आई." मग ती बोलत राहिली, भांड्यांकडं बघत, आवाज न चढवता. त्यांनी तिकडं घर घेतलं तेव्हा तो गाडीतून खोकी उतरवून घरात नेत होता. समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्याला हात वर करून उभं केलं, घर कुणाचं विचारलं. ही आतून कागद घेऊन धावत आली तेव्हा सोडलं. दुसऱ्या दिवशी समोरची बाई गोड करून घेऊन आली, म्हणाली, आमचा गैरसमज झाला. दुकानातून निघताना तो पावती खिशात ठेवत नाही, हातात धरून चालतो. गाडीमागं पोलिसांची गाडी आली की बोलणं थांबवतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवतो. "आणि आपले लोक? तिथल्या आपल्या एका बाईनं माझ्या तोंडावर विचारलं, दुसरा कुणी मिळाला नाही का गं? संक्रांतीचं वाण हातात देता देता."

"अजून आसं असतंय तिथं?"

"असतं. चांगले लोकही आहेत, खूप आहेत. पण कोण कसा निघेल ते त्याला आधी कळत नाही, म्हणून रोज सगळेच तसे आहेत असं धरून चालावं लागतं." तिनं ताट उपडं घातलं. "मला वाटलं होतं, आईच्या घरी नेते. तू त्याला रानात लपवलंस."

मी उरलेले धोंडे डब्यात भरायला घेतले.

ते दोघं तिथूनच परत गेले. ती मुक्कामाला थांबली नाही. जाताना जावयानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि "आई" म्हणाला. शब्द शिकून आला होता.

रोजाच्या बायांनी गावात काही सांगितलं नाही, मी बजावलं नसतानाही. त्यानंतर तीन वर्षं लेकीचा फोन दर रविवारी आला, पण पाच मिनिटांचा. औषध घेतलंस का, पाऊस झाला का, ठेवते. तिला मुलगी झाली. नात पडद्यावर दिसायची आणि जायची. घरात मी एकटी. शेळी, टीव्ही आणि रविवार. आठवड्यातले सहा दिवस नुसते असतात. एकटेपणाचं मी रडत नाही, ते मी माझ्या हातानं केलेलं आहे. पण ते आहे.

या वर्षी पुन्हा अधिक महिना आला. मी आधी दिराकडं गेले. फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा चढवला, पाहिलं, चष्मा काढला.

"वैनी, ह्यो?"

"ह्योच. औंदा धोंडा घरी करणार. भावकीला तुमी सांगा."

"आवो पर... भावकी पंगतीला बसंल का?"

"आमेरिकेचा गोरा असता तर तुमी वेशीपासून बँड लावला असता."

तो चिडला. "रंगाचं न्हाई वो. रंगाचं कोण बघतंय आता? तिकडं तर काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. कुटं राहिलाय भेदभाव? समदं जुनं झालं."

मी म्हटलं, "आपल्या गावात राखीव जागंवर सरपंच झाला व्हता, ध्यानात हाय का? पाच वर्षं सह्या केल्या त्यानं. तुमच्या ओट्यावर कधी चा पिला?"

"त्याची गोष्ट येगळी."

"येगळी कावून?"

तो म्हणाला, बघू. त्याचं बघू म्हणजे नाही असतं, पण मी ते हो धरून चालायचं ठरवलं. अमेरिकेत मी पाय ठेवलेला नाही. तिथं भेदभाव किती उरला हे मला कुणी विचारू नये. पण तो संपला असं कोण म्हणतं हे मी बघते. म्हणणारा बहुतेक ओट्यावर बसलेला असतो.

रविवारी लेकीला सांगितलं. या. घरी या. पंगत घरात होईल, कुणी येवो न येवो.

ती म्हणाली, "त्याला अजून माहीत नाही, आई. त्याला वाटतं तो मान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, सासूनं मला खास तिच्या शेतात जेवू घातलं. मला सांगवलं नाही."

"नको मग सांगू. आता घरी आला की झालं."

"नाही. तो पुन्हा येणार असेल तर माहीत असून येईल. तू सांग. मी फक्त भाषा बदलून देईन, एक शब्द कमी-जास्त करणार नाही."

आठवडाभर मी वाक्यं जुळवली. रविवारी जावई पडद्यावर आला, मांडीवर नात. मी जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. सांगितलं ते एवढंच, की घर गळत नव्हतं. गावानं तुम्हाला बघू नये म्हणून मी रानात पाट मांडला. तिथं माझ्या रोजाच्या बाया जेवतात, त्यांना मी घरात घेत नाही. त्या दिवशी ती बाई हेच म्हणाली होती.

लेकीनं सांगितलं. ती सांगत असताना मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नातीला मांडीवरून खाली उतरवलं, एवढंच. मग बोलला. लेक एकेक वाक्य थांबून सांगत होती.

"तो म्हणतो, मी रोज घरातून निघताना सावध होऊन निघतो. लहानपणापासून. माझ्या आईनं शिकवलं होतं. तुमच्या रानात मी एक दिवस सावध नव्हतो. मोठा झाल्यापासून तेवढाच एक दिवस. म्हणतो, तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. पण तो दिवस आता माझ्याजवळ राहिला नाही."

"येणार का विचार."

तिनं विचारलं. त्यानं मान हलवली आणि काहीतरी म्हणाला.

"या वेळी नाही म्हणतो. रागानं नाही. म्हणतो, आता मला तिथंही सावध राहून जेवावं लागेल, आणि तसं जेवायला मी इथं रोजच बसतो."

माफ करा असं मी म्हटलं. लेकीनं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ऐकून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे, एवढं मला भाषा येत नसली तरी समजतं.

दुसऱ्या दिवशी दीर आला. भावकीचं काय करायचं हे विचारायला आला होता, तोंड पडलेलं होतं. मी म्हटलं, ते येत नाहीत.

"न्हाई येत?" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "जाऊ द्या वैनी. पुढच्या धोंड्याला बगू. तीन वर्षं काय, आशी जातेत."

तो सोप्यात टेकला, चहाची वाट बघत. मी उठले नाही. दिराला चहा न देता बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. तोही थोडा वेळ बसला आणि मग चपला घालून गेला.

पुढच्या धोंड्याला मी त्र्याहत्तरची असेन, असले तर. जावयानं यावं म्हणून मी माझं वय पुढं करणार नाही. यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं आहे, आणि त्याला घाई नाही.